अक्षरापूर्वीची व अंकापूर्वीची तयारी

जून महिन्यात शाळा उघडते. पावसात भिजलेले दप्तर सांभाळीत पहिल्या इयत्तेत बालके येऊन बसतात. त्यांतील एखादे बालक शिक्षकाने सांगताच एकपासून पन्नासपर्यंत संख्या घडाघडा म्हणून दाखविते. पालकांस समाधान वाटते, शिक्षकासही वाटते. परंतु त्याच बालकापुढे काजूच्या बियांचा लहानसा ढीग ठेवावा आणि म्हणावे, "यांतील सहा बिया मला दे." पुष्कळदा असे दिसून येते की बालक मूठभर बिया उचलून देते व पुढील आज्ञेची वाट पाहत शिक्षकाच्या तोंडाकडे पाहते. पन्नासपर्यंत म्हणता येते, मग सहा का देता येत नाहीत? या साध्या प्रश्नात बालवाडीतील गणितशिक्षणाचा व भाषाशिक्षणाचा सारा विचार सामावलेला आहे.

ज्या शिक्षकास हा प्रश्न पडत नाही, तो त्या बालकास 'लक्ष देत नाही' किंवा 'मंद आहे' असे ठरवून मोकळा होतो. पहिल्याच वर्षी बसलेला असा शिक्का पुढे लवकर पुसला जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वाड्या विखुरलेल्या आहेत आणि अनेक शाळांचा पट लहान आहे. अशा शाळेत एकेका बालकाचे मन शाळेत रमणे वा न रमणे यास फार मोल आहे. म्हणून बालवाडीत, अंगणवाडीत व पहिलीच्या आरंभीच्या महिन्यांत कोणती तयारी करून घ्यावी, याचा क्रमवार विचार येथे केला आहे.

१. म्हणणे आणि मोजणे

संख्यानामे क्रमाने म्हणणे हे एका अर्थी गाणे पाठ म्हणण्यासारखेच आहे. मोजणे ही त्याहून वेगळी क्रिया होय. मोजताना बालकास एकाच वेळी अनेक गोष्टी साधाव्या लागतात. संख्यानामांचा क्रम बदलू द्यावयाचा नाही. प्रत्येक वस्तूस एकच नाव द्यावयाचे, कोणतीही वस्तू वगळावयाची नाही व कोणतीही दोनदा मोजावयाची नाही. शेवटी उच्चारलेले नाव हे केवळ शेवटच्या वस्तूचे नसून साऱ्या समूहाचे माप आहे, हे ओळखावयाचे. वस्तू कोणत्याही असोत, मोजण्याची रीत तीच; आणि मोजणी उजवीकडून केली काय किंवा डावीकडून केली काय, उत्तर तेच येते. रॉचेल गेलमन व गॅलिस्टेल या अमेरिकन अभ्यासकांनी इ.स. १९७८ मध्ये मोजणीची ही पाच तत्त्वे मांडली. ती शिक्षकाने ध्यानी ठेवल्यास बालक नेमके कोठे अडखळते, हे त्यास कळू लागते.

जे बालक बोट ठेवताना दोन वस्तू ओलांडते, त्याची अडचण एकास एक जोडण्याची आहे. त्यास गोट्यांची ओळ करून, मोजलेली गोटी बाजूस सारण्याची सवय लावावी. जे बालक "एक, दोन, तीन, चार, पाच" असे बिनचूक मोजते, परंतु "मग किती झाल्या?" असे विचारताच पुन्हा एकपासून मोजू लागते, त्यास शेवटच्या संख्येचा अर्थ उमगलेला नाही. त्यास पुनःपुन्हा मोजावयास लावण्यात लाभ नाही. त्याच्याकडून "पाच बिया आण", "तीन पाने ठेव" अशी मागणी पुरी करून घ्यावी. मागितलेली संख्या मनात धरून मोजणे थांबविणे, ही क्रिया त्यास अर्थाकडे नेते.

एक, दोन, तीन इतक्या वस्तू मनुष्य न मोजताही दृष्टिक्षेपात ओळखतो. म्हणून आरंभ तीनपर्यंतच्या संख्यांनी करावा व तेथे पुरेसे दिवस रेंगाळावे. दहापर्यंत धावत जाण्यापेक्षा पाचपर्यंत पक्के पोहोचणे अधिक हिताचे असते.

२. प्रश्न कसा विचारावा

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी बालकांच्या संख्याविषयक कल्पनेचा विस्तृत अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ इ.स. १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे. सहा बियांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्या. दोन्हींत सारख्याच बिया आहेत, हे बालक मान्य करते. नंतर एका ओळीतील बिया दूर दूर ठेवून ती ओळ लांब करावी व पुन्हा विचारावे, "आता कोणत्या ओळीत जास्त?" चार-पाच वर्षांचे बालक पुष्कळदा लांब ओळीकडे बोट दाखविते. संख्या कायम राहते ही जाणीव त्या वयात पुरती दृढ झालेली नसते, असा निष्कर्ष पियाजे यांनी काढला.

या प्रयोगास पुढे एक महत्त्वाची पुस्ती जोडली गेली. इ.स. १९७० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमध्ये मार्गारेट डोनाल्डसन व त्यांचे सहकारी मॅकगॅरिगल यांनी हाच प्रयोग निराळ्या रीतीने केला. ओळ मोठ्या माणसाने बदलली नाही; एका खेळण्यातील खोडकर अस्वलाने येऊन ती विस्कटली, असे नाटक केले. मग तोच प्रश्न विचारला असता बरीच अधिक बालके योग्य उत्तर देऊ लागली. यावरून दिसते की पहिल्या प्रसंगी काही बालके संख्येत नव्हे, तर प्रश्नकर्त्याचा हेतू ओळखण्यात चुकत होती. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलले व तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असा समज बालकाने करून घेतला.

ही गोष्ट आपल्या वर्गासही लागू आहे. बालकाने योग्य उत्तर दिल्यावर शिक्षकाने गंभीर मुद्रेने "नीट पाहून सांग" असे म्हटले की बालक उत्तर बदलते. बालकाच्या उत्तरात त्याचे ज्ञान असते, तसाच त्याचा संकोचही असतो. म्हणून पारख करताना "हे तू कसे ओळखलेस?" असे सौम्यपणे विचारावे, आणि उत्तर बरोबर असो वा चूक, हा प्रश्न दोन्ही वेळी विचारावा. केवळ चुकल्यावरच 'कसे' विचारले जाते हे बालकांच्या लवकर ध्यानात येते.

३. मराठी संख्यानामांची अडचण

दहाच्या पुढे गेल्यावर मराठी बालकापुढे एक विशेष अडचण उभी राहते. ३५ ही संख्या लिहिताना तीन आधी व पाच नंतर लिहावयाचे. परंतु 'पस्तीस' म्हणताना पाचाचा ध्वनी आधी व तिसाचा नंतर येतो. कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे बालक ५३ लिहिते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. ते बालक कानाशी प्रामाणिक राहिलेले असते. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारला जातो व तेथील बालकांसही अशीच अडचण भोगावी लागते. कानडी, तेलुगू या शेजारच्या भाषांत मात्र वीसनंतर 'वीस-एक' अशा अर्थाची नावे येतात. चिनी भाषेत तर अकरास 'दहा एक' अशाच अर्थाचे नाव आहे. तेथील बालके दहाच्या पुढील संख्यानामे अमेरिकन बालकांपेक्षा लवकर आत्मसात करतात, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे.

दुसरी अडचण रूपांच्या विविधतेची आहे. केवळ दोनाचा अंश पाहिला तरी बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असा त्याचा वेष पालटत जातो. तिसरी अडचण 'एकोण' या उपपदाची. एकोणीस म्हणजे विसास एक उणा. परंतु त्या टप्प्यावर बालकास वीस अद्याप भेटलेलाच नसतो! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा हा प्रकार घडतो, आणि नव्व्याण्णवाशी येताच तोही नियम मोडतो.

हा प्रश्न इ.स. २०१९ मध्ये महाराष्ट्रभर चर्चिला गेला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशा रीतीने संख्या वाचण्याची पद्धत दिली होती. जोडाक्षरांची क्लिष्ट नावे व उलटा क्रम यांमुळे अनेक बालकांच्या मनात गणिताची भीती बसते, म्हणून ही वाट सुचविली, असे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी स्पष्ट केले. विधिमंडळापर्यंत हा विषय गेला. मराठीची रूढ नावे नष्ट होतील अशी चिंता अनेकांनी व्यक्त केली. वास्तविक रूढ नावे रद्द केलेली नव्हती; नवी रीत त्यांच्या जोडीस दिली होती.

वाद कोणत्याही बाजूने पाहिला तरी शिक्षकाचे कर्तव्य एकच ठरते. रूढ नावे घरात, बाजारात, एसटीच्या तिकिटावर व पंचांगात बालकास भेटणारच. ती त्यास आलीच पाहिजेत. परंतु नाव येण्यापूर्वी संख्येची घडण डोळ्यांस दिसली पाहिजे. यासाठी दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्या. तीन जुड्या व पाच सुट्या काड्या हातात घेऊन बालकाने प्रथम "तीन दहा आणि पाच" म्हणावे, नंतर "तीस आणि पाच" व शेवटी "पस्तीस" म्हणावे. एकोणतिसाच्या वेळी तीन जुड्या मांडून त्यांतील एक काडी काढून घ्यावी; म्हणजे 'उणा एक' हा अर्थ हातास कळतो. बालवाडीत हे सारे करण्याची घाई नको. तेथे दहाची जुडी बांधणे व सोडणे एवढे झाले तरी पुष्कळ झाले. पुढचे काम पहिली-दुसरीचे होय.

४. साधने अंगणातच आहेत

साधने नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. या बाबतीत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे कार्य शिक्षकांनी अवश्य स्मरावे. मारिया मॉन्तेसरी यांनी इ.स. १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह उघडले. त्यांची पद्धती भारतीय परिस्थितीस जुळवून घेण्याचा मोठा प्रयत्न भावनगर येथे गिजुभाई बधेका व ताराबाई यांनी केला, इ.स. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार चालविले. परंतु शहरातील बालमंदिर खेड्यातील गरीब बालकास परवडणारे नाही, हे ओळखून त्या इ.स. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. इ.स. १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड येथे नेण्यात आले.

बोर्डीस असे दिसून आले की बालवाडी उघडली तरी वस्तीतील बालके तेथे येतातच असे नाही. तेव्हा बालके येत नसतील तर शिक्षिकेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' जन्मास आली. गुरांमागे जाणाऱ्या बालकांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी लाकडी साधने मागे पडली. शंख, शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. इ.स. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर अंगणवाडी हा शब्द भारतभर पोहोचला. त्या शब्दाचे मूळ एका मराठी शिक्षिकेने गरीबाच्या अंगणात केलेल्या प्रयोगात आहे.

रत्नागिरीच्या भूमीत तर अशा साधनांस तोटा नाही. काजूच्या बिया, चिंचोके, सुपाऱ्या, जांभ्याचे खडे, किनाऱ्यावरील शिंपा यांचे वर्गीकरण करण्यापासून आरंभ करावा: लहान-मोठे, गुळगुळीत-खरबरीत, जड-हलके. वर्गीकरण, क्रम लावणे व जोड्या जुळविणे ही अंकापूर्वीची खरी तयारी होय. दोन नारळ हातांत तोलून कोणता जड हे सांगणे, फणसाच्या आठळ्या लहानापासून मोठ्यापर्यंत मांडणे, लाल-हिरव्या पानांचे आलटून पालटून तोरण करणे, हे सर्व गणितच आहे. चार वर्षांच्या बालकांजवळ बारीक बिया असताना मात्र शिक्षकाने तेथून हलू नये. त्या नाकातोंडात जाण्याचा धोका असतो.

बालकाच्या घरी गणित चाललेलेच असते. आंब्याच्या दिवसांत पेटी किती डझनाची, याची बोलणी त्याच्या कानावर पडतात. बंदरावर मासळीचे वाटे घातले जातात. भात मापताना काही घरी पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल आहे. असे बालक शाळेत 'लाभ, दोन, तीन' म्हणाले तर त्यास हसू नये. तो शब्द वर्गात सर्वांस सांगावा व मग 'एक' या नावाशी त्याची ओळख जोडून द्यावी.

५. अक्षरापूर्वी कान

लेखनवाचनाची तयारी पाटीवर नव्हे, तर कानात सुरू होते. शब्द ध्वनींचा बनलेला आहे व ते ध्वनी सुटे करता येतात, ही जाण आल्यावाचून अक्षर हे केवळ चित्र राहते. यासाठी टाळ्यांचा खेळ उत्तम आहे. जाखडीच्या ठेक्यावर वाढलेल्या बालकांस ताल शिकवावा लागत नाही. 'का-जू', 'हो-डी', 'पा-टी', 'सु-पा-री', 'रा-तां-बे' असे शब्द टाळ्यांवर फोडावे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. 'घर' या शब्दात अक्षरे दोन. परंतु आपण उच्चारतो 'घर्', व टाळी एकच पडते. 'नारळ' यात अक्षरे तीन, टाळ्या दोन. 'फणस' याचेही तसेच. बालक 'नारळ' शब्दास दोन टाळ्या वाजविते तेव्हा त्याचा कान बरोबर असतो. तीन टाळ्यांचा आग्रह धरणारा शिक्षक लिपीकडे पाहत असतो. म्हणून आरंभी टाळ्या व अक्षरे सारखी असलेले शब्द घ्यावे आणि अंती अकार लोपणारे शब्द मागाहून घ्यावे. पहिल्या वेलांटीचीही अशीच गोष्ट. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण तिचा ध्वनी नंतर येतो. पस्तीस लिहिताना जी गाठ पडते, तिचेच हे दुसरे रूप आहे. जेथे कानाचा व डोळ्याचा क्रम जुळत नाही, तेथे शिक्षकाने थांबावे व अधिक वेळ द्यावा.

अक्षरांची ओळख करून देताना वर्णमालेचा क्रम पाळण्याचे कारण नाही. ग, म, भ, न यांसारखी वळणाने जवळची व थोडक्यात शब्द बनविता येणारी अक्षरे आधी घेण्याची परंपरा आपल्याकडे आहे, ती उपयुक्त आहे. पहिले अक्षर मात्र ज्याचे त्याचे असावे. आपल्या नावातील आद्याक्षर बालक आवडीने ओळखते व दारावर, फळ्यावर, डब्यावर शोधत राहते.

हात बळावण्यापूर्वी पेन्सिल देऊ नये. ओल्या वाळूत बोट फिरविणे, ठिपके जोडून रांगोळी काढणे, माती मळणे, फुले ओवणे यांनी बोटे वळतात. पालक "अजून लिहावयास का देत नाही?" असे विचारतात, त्यांना ही कामे दाखवून लेखनाशी त्यांचा संबंध समजावून सांगावा.

बोलीविषयी दोन शब्द. जिल्ह्यात कोठे संगमेश्वरी, कोठे कोकणी मुसलमान कुटुंबांची बोली, दक्षिणेकडे मालवणी वळणाचे बोलणे आढळते. 'मला' याऐवजी 'माका' म्हणणारे बालक अशुद्ध बोलत नाही. ते आपल्या आईची भाषा बोलते. त्यास बोलताक्षणी दुरुस्त केल्यास ते बोलणेच थांबविते, आणि न बोलणारे बालक वाचावयास शिकणे अवघड. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे, व उत्तर देताना प्रमाण भाषेतील शब्द सहजपणे योजावा. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहून वाचून दाखवावी. आपण बोललो ते लिहिता येते व लिहिलेले पुन्हा बोलता येते, हा शोध लागणे म्हणजेच साक्षरतेचा आरंभ होय.

६. दिवसाची योजना व पारख

रोज सकाळी हजेरी बालकांकडूनच घ्यावी. येणाऱ्या प्रत्येकाने एक खडा टोपलीत टाकावा व अखेर सर्वांनी मिळून ते मोजावे, "काल नऊ होते, आज सात, कोण आले नाही?" या प्रश्नात वजाबाकीचे बीज आहे. नंतर अर्धा तास साधनांशी मोकळे काम, मग गाणी व टाळ्यांचे खेळ, खाऊ वाटताना एकास एक जोडणी, आणि निरोपापूर्वी एक गोष्ट. गोष्ट पुस्तक हाती धरून, बोट ओळीखालून फिरवीत वाचावी.

परीक्षा घेऊ नये, नोंद ठेवावी. आठवड्यास चार-पाच बालकांविषयी एकेक ओळ लिहिली तरी पुरे: 'पाचपर्यंत मागितलेल्या वस्तू देतो, सहास अडखळतो', 'आद्य ध्वनी ओळखते'. ही वही बालकाबरोबर पहिलीच्या शिक्षकाकडे जावी. अंगणवाडीसेविका व शाळाशिक्षक यांच्यात अशी देवघेव असेल तर जून महिन्यात बालकास नव्याने अनोळखी व्हावे लागत नाही. इ.स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे व इ.स. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक बालकास समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेविले आहे. ते उद्दिष्ट तिसरीत गाठावयाचे असले तरी त्याची वाट अंगणवाडीच्या ओटीवरून सुरू होते.

आता आरंभीच्या बालकाकडे पुन्हा वळावे. सहा बिया मागितल्यावर मूठभर देणारे ते बालक चुकले नाही. त्यास जे शिकविले होते तेच त्याने करून दाखविले. पन्नासपर्यंत म्हणणे त्यास शिकविले होते, सहा देणे शिकविले नव्हते. त्याच्या मुठीतील बिया खाली मांडाव्या, त्याच्याशेजारी बसावे आणि एक बी उचलून त्याच्या तळहातावर ठेवावी. दुसरी त्याने ठेवावी. शिक्षकाने घाई केली नाही, तर सहावी बी ठेवून ते आपण होऊन थांबेल, आणि त्या दिवशी त्याचे गणित सुरू झाले असे समजावे.